मुलांसाठी

तालमीच्या भिंतीवर काळा फळा, चार बाय तीन.
रोज साडेसहाला मी ओलं फडकं घेऊन येतो
आणि कालचं पुसतो.
पुरतं जात नाही.
‘गुरुवारी पाणी बंद’च्या खाली
मागच्या गुरुवारचंही पाणी बंद असतं, फिकट.

मी पेंटर. दुकानांच्या पाट्या, रिक्षांच्या पाठी,
निवडणुकीच्या भिंती, सगळं या हातानं.
फ्लेक्स आला
आणि ब्रश डब्यात उभ्याउभ्या वाळले.
आता खडू. पैसे नाहीत, एक कटिंग मिळतो,
आणि कासेवाडीत अजून कुणीतरी म्हणतं,
‘ऱ्हस्व-दीर्घ पेंटरला विचारा.’

परवा लिहिलं :
किल्ल्यांचा जुडगा सापडला आहे, लाल गोफ, ओळख पटवून न्या.
गल्ली नंबर नऊ, पाणी गढूळ, उकळून प्या.
कै. सोनाबाई अडागळे, दशक्रिया रविवारी, ओंकारेश्वर.
खाली दीड वीत उरली. तिथं :
मुलांसाठी मोफत. फ्रिज-एसी दुरुस्ती, तीन महिने.
दहावी नापासही चालेल.

प्रज्योत अवघडे येऊन उभा राहिला.
एक पाय चपलेत, एक चपलेवर.
दोन ओळी वाचायला एवढा वेळ लागत नाही.
मग दोस्त आले. एकानं ‘नापास’वर बोट ठेवून
मोठ्यांदा वाचलं.
सगळे हसले. तोही.
तोच जरा जास्त.

रात्री डोळ्याला डोळा नाही.
तो ‘ही’. एवढंसं अक्षर.
मी त्याला दार उघडं धरायला उभा केला होता,
तो उंबरा होऊन आडवा पडला.
आणि ‘चालेल’?
चालेल आपण शिळ्या पोळीला म्हणतो,
चहात साखर कमी पडली तर म्हणतो.

सकाळीच पुसलं. ‘शिक्षणाची अट नाही.’
सरकारी वाटलं. पुसलं.
‘निकाल विचारणार नाही. हात दाखवा.’
पानवाला म्हणाला, पेंटर, हात दाखवून अवलक्षण होईल.
झालं तर होऊ दे.

प्रज्योत फिरकला नाही.
तिसऱ्या दिवशी त्याची बहीण आली, करिष्मा,
खांद्याला पोळ्यांच्या ऑर्डरची पिशवी.
‘काका, मुलांसाठी म्हणजे मुलगे का मुलं?’

चाळीस वर्षं अक्षरं काढतोय मी.
मात्रा कुठं टेकवायची, रफार किती झुकवायचा,
सगळं हाताला पाठ.
हे कधी कुणी विचारलं नव्हतं.
म्हटलं, आलं तसं उतरवलं गं.
नंबर दिला. तिनं तिथंच लावला, स्पीकरवर.
पलीकडचा म्हणाला, ‘ताई, शिडी चढावी लागते,
बाहेरचं युनिट जड असतं.’
‘लिफ्ट बंद पडली की मी पाचव्या मजल्यावर हंडे नेते.
तुमचं युनिट किती किलोचं?’
रस्त्यावरून एक रिक्षा गेली. मग अजून एक.
‘सोमवारी सातला या. आधार कार्ड आणा.’

मग तिनं खडू मागितला.
मी कुणाला खडू देत नाही.
दिला.
ओळीत जागा नव्हती, म्हणून
‘मुलां’ आणि ‘साठी’च्या मधे चोच काढून
तिनं वर लिहिलं : मुलिं.

वेलांटी पहिली.
हात शिवशिवला. फडकं ओलंच होतं.

सोमवारी पोळ्यांची पिशवी प्रज्योतच्या खांद्याला दिसली.
फळ्यापाशी थांबला नाही,
पण जाताना एकदा वर बघितलं, त्या वाकड्या अक्षरांकडे.
किल्ल्या अजून माझ्याच खिशात आहेत.
सोनाबाईंचा दहावा झाला, नऊ नंबरचं पाणी निवळलं,
ते सगळं मी पुसतो, रोजच्यासारखं,
आणि त्या एका वेलांटीपाशी आलो
की फडकं वळसा घालतं.